पूलदेशाचा दोघांनाही होकार

६ सप्टेंबर

माझ्या मास्तरीणबाईंना म्हातारीचा आशीर्वाद. आधी एक घोट पाणी पी, कारण तुझं पत्र वाचताना टायपिस्टबाईंनाच धाप लागली. एका वाक्यात किती गं काळज्या कोंबतेस!

फोन करत नाहीस हे उत्तम. फोनवर तू ओरडतेस, मी 'हो हो' म्हणते आणि दोघींना वाटतं बोलणं झालं. त्यापेक्षा हे बरं. मी बोलते, वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई त्यांच्या कंप्यूटरवर उतरवतात आणि तुझं उत्तर आलं की माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी बसून वाचतात. जन्मभर कोर्टात साक्षी टाइप केल्यात त्यांनी. तोंडातून पडेल ते कागदावर. 'हे लिहू नका' म्हटलं तर तेही लिहितात. बघ, लिहिलं.

तर मला काय समजलं ते सांगते. तू कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतेस. मुलं पुस्तक उघडत नाहीत, उघडलं तर समजत नाही, समजलं तर परीक्षेनंतर विसरतात. म्हणून तू त्यांना कंप्यूटरवर एक खेळ लावून दिलास. एक खोटी नदी, तिच्या काठी खोटे देश, एकेका देशात चार-चार मुलं. कुणी पंतप्रधान, कुणी सेनापती. दर सोमवारी दुपारी बाराच्या आत प्रत्येक देशानं आपली चाल कळवायची. मग कंप्यूटर सांगणार, कुणाचं धान्य वाढलं, कुणाचं पाणी आटलं, कुणाची जनता चिडली. शेवटी त्यावर मार्क. आमच्या वेळी पोरं पटावर बसली की घरचे कान धरून उठवायचे. आता मास्तरीणच बसवते आणि वर मार्क देते. प्रगती आहे.

आणि त्यातला एक देश ओस पडला. ज्यांना दिला होता त्या मुलांनी विषयच बदलला. त्या देशात ना धान्य, ना सैन्य, नुसता एक पूल. पण सगळ्यांना जायचं-यायचं तिथूनच. तो कुणी चालवला नाही तर खेळ अडतो. तू चालवावास, तर तुला सगळ्यांचे गुपचूप निरोप दिसतात, मग ती लबाडी होते. म्हणून तो माझ्या गळ्यात.

अगं, पांढऱ्यावरचं काळं जिला कधी कळलं नाही तिला तू देश देतेस! दे. या वयात आणखी कोण देणार?

एक मात्र विचारते. तुझ्या विभागप्रमुखांना सांगितलंस का? एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचं नावसुद्धा नाही, म्हणून विचारलं.

तुझी आजी, पूलदेशाची पंतप्रधान
(परराष्ट्र सचिव : टायपिस्टबाई)


९ सप्टेंबर

प्रिय आजी,

सगळं बरोबर समजलंय तुला. न विचारलेलंसुद्धा.

सरांना सांगितलेलं नाही. वर्ष सुरू होतानाच ते म्हणाले होते, "खेळ ही करमणूक झाली, शिक्षण नव्हे. एक सत्र करून बघा. पण अडला, किंवा एकही तक्रार आली, तर त्याच दिवशी बंद." मी अजून कंत्राटावर आहे. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे त्यांच्याच शिफारशीवर ठरणार. तो देश ओस पडला तेव्हा त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं, "तो कोण चालवतंय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कंप्यूटर." ठरवून नाही गं. निघून गेलं. आता ते तसंच राहायला हवं. मुलांनाही कळता कामा नये.

नियम एकच लक्षात ठेव. कुणाला शब्द दिलास की तो करार म्हणून नोंदवायचा. सोमवारी बाराला कंप्यूटर तो आपोआप अमलात आणतो. मग कुणालाच थांबवता येत नाही, मलासुद्धा नाही. दोन करार एकमेकांविरुद्ध असतील तर नंतरचा खरा धरला जातो. शब्दाला वजन असतं हे मुलांना कळावं म्हणून मीच तो नियम घातलाय. टायपिस्टबाई, हे कृपया तिला दोनदा वाचून दाखवा.

आता ही सगळी उठाठेव कशासाठी, ते सांगते. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. दोन वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. खेळात ती वरच्या देशाची पंतप्रधान आहे, धरण तिच्याकडे. परवा तास संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "बाई, धरणाचं दार माझ्या हातात म्हणजे मी सार्वभौम. पण खालचे तहानेनं मरायला लागले, तरी ते दार एकटीचं माझंच राहतं का?" मी तो धडा इतकी वर्षं शिकवतेय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला घरी येईपर्यंत बस कुठे थांबली ते कळलं नाही.

तुझी नात


३ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

राज्य करण्यात एवढी मजा असते हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. उगाच संसार केला.

सगळे माझ्या पुलावर डोळा ठेवून आहेत. खालच्या देशाचा तो सेनापती तर रोज निरोप पाठवतो. "माननीय पंतप्रधान, आपल्या दूरदृष्टीला सलाम." लोणी लावायला शिकवलंस वाटतं पोरांना? टायपिस्टबाईंनी वाचताना उठून उभं राहावं की काय असा त्यांना प्रश्न पडला.

आणि तुझी ती तिसऱ्या बाकावरची. ती मोजकं लिहिते, पण शब्दाला शब्द जोडून. एकदा तिचा निरोप पहाटेचा होता, म्हणून मी विचारलं, "बाळ, रात्री नीट झोपतेस ना?" तिनं लिहिलं, "माननीय महोदय, वसतिगृहात दिवा बंद झाल्यावरच शांतपणे विचार करता येतो." बघ, महोदय केलं मला. मिशा फुटायच्या बाकी आहेत.

आता राजकारण. पाणी आटलंय, खालच्यांना धरण हवंय. तिनं करार मागितला : आमचं पाणी घ्या, पण खालच्यांचं सैन्य पुलावरून सोडू नका. मी हो म्हटलं. मग सेनापती आला : एकदाच सैन्य जाऊ द्या, वर्षभर धान्य पुरवतो. मी त्यालाही हो म्हटलं. टायपिस्टबाईंनी दोन्ही नोंदवले. तोंडाचा चंबू करून नोंदवले, पण नोंदवले.

घाबरू नकोस. आमच्या गच्चीवर दोरी एकच. दातांच्या डॉक्टरची बायको म्हणते रविवारी मला, तळमजल्यावरची शिंपीण म्हणते मला. मी दोघींना हो म्हटलं आणि रविवारी सकाळी माझीच चादर वाळत घातली. दोघी दोन दिवस फुगल्या, मग दोघीही माझ्याकडे चहाला. तसंच करणार. सोमवारी सैन्य आलं की कळवीन, पूल दुरुस्तीला काढलाय. पाणीही आपलं, धान्यही आपलं, आणि भांडणही नाही.

आजी


८ ऑक्टोबर

आजी,

सैन्य पूल ओलांडून गेलं. तू काही कळवायच्या आत. बारा वाजले आणि कंप्यूटरनं नंतरचा करार उचलला, सेनापतीचा. पाच मिनिटांत धरण गेलं, राजधानी गेली. वरचा देश आता नकाशावर नाही.

तुझं पत्र आलं होतं, दोन्ही करारही मला रविवारीच दिसले होते. तुला लिहावं म्हणून बसलेसुद्धा. पण ज्याला सगळ्यांची पानं दिसतात त्यानं बोलायचं नाही, हाही माझाच नियम. मी कंप्यूटर मिटवला.

पडद्यावर निकाल आला तशी खालच्या देशाची मुलं बाकं बडवायला लागली. त्यांचं काही नाही, ती बडवणारच. पण तिच्याच देशाची तिघं तिच्यावर उलटली. "पूलवाल्यांवर कोण विश्वास ठेवतं? आम्ही म्हणत होतो सैन्य वाढव. हिला माणसंच ओळखता येत नाहीत!" तिनं वही पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली, आणि गेली. त्या दिवसापासून वर्गात नाही, वसतिगृहात नाही, फोन बंद.

आणि मी काय केलं सांगू? प्रत्येक चालीनंतर वर्गात बसून बोलायचं असतं. कुणी काय केलं, का केलं, कुणाला काय वाटलं. खेळापेक्षा तेच महत्त्वाचं. ते नसेल तर ही नुसती मारामारी आहे. एरवी मी ते कधी चुकवत नाही. सोमवारी मी म्हटलं, "वेळ संपली, पुढच्या तासाला बोलू." वेळ संपली नव्हती. मला भीती वाटली की कुणीतरी विचारेल, पूलदेश कोण आहे?

व्हरांड्यात पावलं वाजली तरी दचकायला होतं. तिचं काही बरंवाईट झालं असलं तर?

तुझी नात


१० ऑक्टोबर

पोरी,

खेळात हरलीय ती. घर नाही जळलं तिचं. तरण्या पोरांना दोन दिवस रुसायचं असतं, रुसू दे. मलाच बघ, पाणी गेलं, आणि धान्याचं मी नोंदवूनच घेतलं नव्हतं, तेही गेलं. धरण बळकावल्यावर सेनापती आता साधा सलामही पाठवत नाही.

आणि मला काय स्वप्न पडलं होतं, यंत्र दुरुस्तीचं कारणसुद्धा ऐकून घेत नाही म्हणून? माणूस असता तर दाराशी थांबला असता, विचारलं असतं, चार शब्द इकडचे तिकडचे झाले असते. तुझा नियमच आडमुठा.

(टंकलेखिकेची टीप : नियम दोनदा वाचून दाखवण्यात आला होता. दुसऱ्या वेळी सांगणाऱ्यांनी "कळलं, पुढे चला" असे म्हटले.)

काय लिहिलंत हो? … असू दे, राहू दे.

कुणी विचारलंच तर तुझं सांगून झालंय ना, कंप्यूटर चालवतो म्हणून? त्यालाच धरून बस. खोटं एकदा बोललं की त्याला सोडून जायचं नसतं, म्हाताऱ्या नवऱ्यासारखं.

तिचा फोन लागला का? नाही, सहज विचारते. आज सकाळी दोनदा आठवलं म्हणून.

आजी


१६ ऑक्टोबर

आजी,

ती सापडली. मावशीकडे गेली होती. परत आली ती लेखी तक्रार घेऊनच, आणि ती तिनं थेट सरांच्या हातात दिली. "आमचे मार्क ज्याच्या चालीवर ठरतात तो पूलदेश कोण चालवतं, हे आम्हाला सांगितलेलं नाही."

सरांनी मला बोलावलं. ती तिथंच उभी. ते घसा खाकरून म्हणाले, "तो तर कंप्यूटर ना?" आणि मी, आजी, मी पुन्हा हो म्हटलं. तिच्यासमोर. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सरांना म्हणाली, "सर, कंप्यूटर मला 'बाळ, नीट झोपतेस ना' असं विचारत नाही."

तोवर खेळ बंद, आणि बावीस तारखेला समिती बसणार आहे.

काल ती एकटी माझ्या खोलीत आली. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. तू, टायपिस्टबाई, सगळं. ती बराच वेळ टेबलावरच्या टाचण्या एका रेषेत लावत बसली. मग म्हणाली, "बाई, मला एकच कळायला हवं. त्यांनी मला हो म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात ते होतं का? वय झालंय, करारांचा गोंधळ उडाला असेल, तर मी समजू शकते. मी तक्रार मागे घेते. पण त्यांनी स्वतः कळवायला हवं."

आजी, तिला लिही. लिही की गोंधळ झाला. तसा तो झालाच ना, नियम तुझ्या लक्षात नव्हता! हे काही अगदीच खोटं नाही. तक्रार मागे गेली की समिती बसणार नाही, समिती बसली नाही तर सर मला विचारणार नाहीत, आणि मला तिसऱ्यांदा खोटं बोलावं लागणार नाही. बसली तर पुढच्या वर्षी मी इथं नाही, आणि असं काढून टाकलेल्या बाईला दुसरं कॉलेज उभं करत नाही. घास उतरत नाहीये. वर्गात फळ्याकडे वळले की वाटतं मागे सगळे कुजबुजताहेत. तुझ्या एका ओळीवर माझं सगळं आहे. तुझ्याकडे हट्ट करून मी कधी काही मागितलं नाही. हे मागते.

तुझी नात


१८ ऑक्टोबर

पोरी,

हो गं. तू म्हणतेस तसंच लिहिते. वय झालं, गोंधळ उडाला, एक करार दुसऱ्यात मिसळला. त्यात काय जातंय माझं? काळजी सोड आणि दोन घास खा.

आजी


१८ ऑक्टोबर

वरच्या देशाच्या पंतप्रधानांस,

बाळ, मी तुझ्या बाईंची आजी. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि शेजारच्या टायपिस्टबाई लिहितात, आणि त्या एक अक्षर इकडचं तिकडं करत नाहीत, हे आधी सांगते.

माझी नात म्हणाली, तिला कळव की गोंधळ झाला. तिला मी आत्ताच हो म्हणून पाठवलंय. म्हणजे बघ, या क्षणीसुद्धा माझे दोन करार चालू आहेत. टायपिस्टबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघताहेत.

गोंधळ झाला नाही. तुला हो म्हटलं तेव्हाच मला ठाऊक होतं की त्या सेनापतीलाही हो म्हणणार आहे. दोघांनाही लटकत ठेवायचं, दोघांकडूनही घ्यायचं आणि ऐन वेळी अंग काढून घ्यायचं, असा माझा बेत होता. यंत्र अंग काढू देत नाही एवढंच मला उमगलं नव्हतं. पण तुला फसवायचं तेव्हाच ठरलेलं होतं. मला विचारायला कुणी येत नाही गं आताशा. एकदम दोन्ही काठांकडून मनधरणी सुरू झाली, ती गोड लागली, आणि मला ती लांबवायची होती.

मी गोंधळले असं लिहिलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. आणि मग जन्मभर मनाशी म्हणाली असतीस, एका विसराळू म्हातारीच्या शब्दावर मी देश घालवला, मुलं म्हणतात तेच खरं, मला माणसं ओळखता येत नाहीत. तसं नाही ते. तू नीट विचारलंस. शब्द नोंदवून घेतलास. बदल्यात पाणी द्यायला तयार झालीस. आणखी काय करायचं असतं माणसानं? समोरची तयारीची निघाली. या कलेत माझे केस पांढरे झालेत.

तक्रारीचं तू बघ. मागे घे असं मी म्हणणार नाही. माझ्या नातीची नोकरी जाईल याची मला भीती आहे. तेही सांगून टाकते, नाहीतर हेही लपवलं असं व्हायचं.

पूलदेशाची आजी


२३ ऑक्टोबर

आजी,

समिती काल बसली. तिनं तक्रार मागे घेतली नाही.

मी एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं : 'कुटुंबातील वयस्कर व्यक्तीकडून अनवधानाने झालेली चूक.' सरांनी मला विचारायच्या आधीच ती उभी राहिली आणि तुझं पत्र काढून वाचायला लागली. मला वाटलं, तू मला कबूल केलंस तेच ऐकू येणार. मी चक्क मान हलवत होते, आजी. 'गोंधळ झाला नाही' या वाक्यापर्यंत.

पत्र संपल्यावर ती म्हणाली, "मला फसवलं गेलं, हे मला वर्गात सांगायला हवं होतं कुणीतरी. माझी तक्रार आजींवर नाही. बाईंवर आहे." आणि खाली बसली.

मग मी बोलले. चिठ्ठीतलं नाही. कंप्यूटर चालवतो हे दोनदा खोटं सांगितलं, ते बोलले. रविवारी दोन्ही करार दिसले होते, तेही. आणि वर्गातली चर्चा मी घाबरून टाळली, हेही. सर इतका वेळ खाकरत होते की पाणी आणावं लागलं.

ठरलं ते असं : मला लेखी ताकीद. खेळ चालेल, पण कोण कोणता देश चालवतं ते फळ्यावर लिहायचं. माझं पुढच्या वर्षीचं परीक्षेनंतर ठरेल. सर जाता जाता म्हणाले, "फार आशा ठेवू नका."

मी तुझ्यावर रागावले आहे. तू मला हो म्हटलंस. त्या जोरावर मी तीन दिवसांनी पोटभर जेवले होते.

आज वर्गात ती राहिलेली चर्चा केली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. तिच्या देशाच्या तिघांतला एक जण 'सॉरी' म्हणाला; ती म्हणाली, "ठीक आहे, पण सैन्य वाढवायचा तुझा सल्ला तरीही मूर्खपणाचाच होता." मग तिनं फळ्यावर नदी काढली. राहिलेल्या देशांना घेऊन ती वरच्या अंगाला दुसरा पूल बांधणार आहे. देश नसलेल्या पंतप्रधानानं असं करू नये असा नियम मी घातलेला नाही. तो झाला की तुझ्याकडे कुणी फिरकणार नाही.

तुझी नात


२५ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

रागाव. हक्क आहे तुझा. दोन महिने रागाव, पण जेवून रागाव. उपाशी पोटी राग नीट धरता येत नाही.

तुला दगा दिला, खरंय. तुला हो लिहून झालं तेव्हा मनात तेच होतं. टायपिस्टबाईंनी दुसरं पान लावलं, "मुलीला काय लिहू?" म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून 'गोंधळ' शब्द निघेना. तिनं मागितलेलं तिला द्यावं तर तुझं जात होतं, तू मागितलेलं द्यावं तर तिचं. या वेळी माझी चादर वाळत घालून भागणार नव्हतं.

पुलावर शुकशुकाट आहे. टायपिस्टबाई रोज उघडून बघतात, एक निरोप नाही. परवा तेवढा सेनापती आला, घाबरलेला : "आजी, आपला करार अजून आहे ना?" फळा वाचलेला दिसतोय. कळवलं त्याला, नाही. बांधू दे तिला तिचा पूल. चांगला रुंद बांध म्हणावं.

तुझं परीक्षेनंतर कळणार म्हणतेस. परीक्षा किती लांब आहे ते टायपिस्टबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते मला आवडलं नाही. तोवर दर आठवड्याला लिही. खेळाचं राहिलं तरी चालेल, साहेब काय म्हणाले ते लिही. बातमी वाईट असली तरी लिही, आणि ती मला बरी करून सांगू नकोस.

आजी